लाल टिपक्याची काडी

धाकट्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी दवाखान्यातली आया, सगळ्यांची मावशी, मुलांच्या वॉर्डात दिवसातून दहा वेळा स्वतःचं नाक पुढे करत होती.

"आधी तू माझ्या नाकात घाल, मग मी तुझ्या," म्हणत तिनं मास्क खाली ओढला.

पलंगावरच्या चार वर्षांच्या मुलीनं कापसाची काडी हातात घेतली. वॉर्डात सगळे तिला फौजदारीण म्हणत. खोकून धाप लागायची, तरी दोनदा तिनं नर्सला लाथा झाडून पिटाळलं होतं. काडी नाकात खोल गेल्याशिवाय आजार विषाणूचा आहे की नाही हे लॅबला कळणार नव्हतं, आणि ते कळेपर्यंत डॉक्टरबाई अँटिबायोटिकच्या सुया थांबवायला तयार नव्हत्या.

घोटाळा नको म्हणून मावशी आपल्या काडीवर, कापसाच्या जरा खाली, नखांना लावायच्या रंगाचा लाल टिपका लावून ठेवी. फौजदारिणीनं ती काडी अशी फिरवली की मावशीच्या डोळ्यांना पाणी आलं. मुलगी खदखदून हसली. त्या हसण्यातच मावशीनं दुसरी काडी तिच्या नाकातून फिरवून आणलीसुद्धा.

दुपारी निकाल आला. विषाणूच होता.

"रक्त चांगलं, छातीचा फोटो चांगला. सुया बंद, आज घरी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाप चादरीची घडी घालू लागला. घाई मावशीलाही होती. काम सुटलं की ती लेकीकडे जाणार होती. जुळी आठ दिवसांची झाली, तरी तिनं अजून पाहिली नव्हती. पिशवीत लोकरीच्या दोन टोप्या होत्या.

तेवढ्यात लॅबवाला दारातून डोकावला.

"मावशी, नव्या काड्या आल्यात का? या मुलीच्या सकाळच्या नळीतल्या काडीवर लाल टिपका होता."

मावशीनं हातातली बादली खाली ठेवली. बाप मुलीला बूट घालत होता. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. ती हात पुसून डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी गेली.

"बाई, तो निकाल माझ्या नाकाचा आहे. काड्यांची अदलाबदल झाली माझ्याकडून."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"बोलणी नंतर खा. आधी तिची काडी आणा."

फौजदारिणीचे बूट पुन्हा निघाले.

"आधी मावशीचं नाक," ती म्हणाली.

"माझं झालंय गं राणी."

"मग बाबाचं."

बापानं मुकाट्यानं मास्क खाली केला.

दोन तासांनी लॅबवाला कागद नाचवतच आला. मुलीच्या काडीतही तोच विषाणू होता.

"म्हणजे घरी?" बापानं विचारलं.

"घरी."

फौजदारीण प्रत्येक पलंगापाशी थांबून, सगळ्यांना शहाण्यासारखं वागायचा हुकूम देत निघाली.

डॉक्टरबाई मावशीकडे वळल्या.

"चार दिवस तुमच्या तोंडावर शिंकतेय, ही देणगी तिचीच. तुम्हाला काही होतंय का?"

"सकाळी दोन शिंका आल्या. एवढ्यानं मला काय होतंय?"

"तुम्हाला नाही होणार काही. पण अगदी तान्ह्या बाळाचा श्वास कोंडतो यानं. दहा दिवस वॉर्डात पाय ठेवू नका. आज कुठं निघाला होतात?"

मावशीनं पिशवीकडे पाहिलं आणि ती हळूच स्टुलावर बसली.

ऊन उतरायच्या आत ती लेकीच्या बंद खिडकीबाहेर मास्क लावून उभी होती. लेकीनं आतून एकेक बाळ काचेपाशी धरलं.

"आई, आत ये की. पाहुण्यासारखी बाहेर काय उभी?"

"दहा दिवस इथूनच. टोप्या दाराशी ठेवल्यात, धुऊन घाल. दोघांतला रडका कोण गं?"

"हा. तुझ्यावर गेलाय."

मावशी इतकी हसली की मास्क घसरला. तो सावरत ती दोन पावलं मागं सरकली, आणि तिथूनच दोघांची बोटं मोजू लागली.

मावशी वारली ती जुळ्यांची शाळा संपली त्या वर्षी, जूनमधल्या एका मंगळवारी. दोघंही तिच्या उशाशी होते.