हळदीबाबाचं लाल तीर्थ

"लाल! लाल झाला रे हात!"

हिवरखेडच्या बाजाराच्या मैदानात एकच गलका उठला. मागचे पुढच्यांच्या पाठीवर रेलले, पोरं मंडपाच्या बल्ल्यांवर चढली. व्यासपीठावर हळदीबाबा डोळे मिटून डुलत होते, कपाळभर हळद फासून. भक्तानं तळहाताला ओली हळद लावून यायचं, बाबांनी वर तीर्थ शिंपडायचं. हळद पिवळीच राहिली तर घर निर्मळ. लाल झाली तर घरात दोष. दोषाला शांती हवी आणि ती करता येणार फक्त बाबांना!

"ये हल्दी झूठ नहीं बोलती!" बाबा गरजले. "शास्त्रज्ञ लोक चंद्रावर गेले, पन तेथला दोष दिसला का त्याईले? नाही दिसला! कावून? हल्दी नेली नव्हती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

रांगेत नत्थुजी आणि पार्वताबाई आपल्या नातीला घेऊन उभे होते. आकांक्षा दहावी झाली होती. अमरावतीच्या कॉलेजात विज्ञान शाखेत तिला प्रवेश मिळाला होता. पण पोरगी एवढ्या दूर राहणार म्हणून आजीनं आधी बाबांना विचारायचं ठरवलं होतं. त्यांच्या मागेच, तळहाताला हळद लावून, गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारे ललित सरही उभे होते.

"कोठी चालली शिकाले?" बाबांनी विचारलं.

"अमरावतीले."

बाबांनी हातातला कमंडलू खाली ठेवला आणि दुसरा उचलला. तीर्थ पडलं. तळहात लालभडक!

"अरारारा! पोरीनं वेस ओलांडली का घर बसलं! अमरावती रद्द!"

पार्वताबाईंनी तोंडाला पदर लावला. नत्थुजी नातीकडे वळले. "बाबाजी म्हनतात त राहू दे बाई कॉलेज."

आकांक्षाचे डोळे भरून आले. ते पुसायला तिनं हात उचलला आणि मध्येच थांबली. त्या लाल तळहाताकडे बघता बघता तिचे ओठ हलू लागले, परीक्षेच्या सकाळी हलतात तसे. "हळद हा नैसर्गिक दर्शक आहे. आम्लारीमध्ये हळदीचा रंग लाल होतो..."

"काय पुटपुटून राहिली व?" आजी घाबरली.

"सर!" आकांक्षा किंचाळली. "हे त आपल्या पुस्तकातलं हाये! तीर्थात धुन्याचा सोडा हाये!"

"पापी पोरगी!" बाबा उठले.

तोवर तिनं बाबांच्याच पुढ्यातल्या राशीतून एक लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि तळहातावर पिळलं. हात पुन्हा पिवळा! उरलेल्या लिंबाचे चार थेंब तिनं कमंडलूत पिळले. फस्स्स!

"तीर्थाले फेस आला रे!"

ललित सरांना आता राहवेना. व्यासपीठावर उडी मारून त्यांनी कमंडलू धरला आणि ओंजळभर तीर्थ बाबांच्या कपाळावर शिंपडलं. कपाळ लाल!

"बाबाच्याच घरात दोष!" कुणीतरी ओरडलं आणि मैदान हसून हसून लोळलं. मग काय विचारता! कुणी सोडा आणला, कुणी साबण. म्हाताऱ्या हात लाल करत होत्या, लिंबू चोळून पिवळे करत होत्या आणि एकमेकींना टाळ्या देत होत्या. बाबा मंडपाच्या मागच्या बाजूनं कधी पसार झाले, कळलंही नाही.

"सर, हे तुमीच त शिकवलं होतं," आकांक्षा म्हणाली.

"शिकवलं कुठं? लिहून दिलं होतं," सर ओशाळून म्हणाले. "एकदा करून दाखवलं असतं, तर मी स्वतः या रांगेत उभा राहिलो नसतो." मग ते लोकांकडे वळले. "मंडळी, हळदीला दोष कळत नाही, सोडा कळतो. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, भांड्यात काय आहे? आणि पोरांनी विचारलं तर त्यांना गप्प करू नका."

पार्वताबाईंचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. तिसऱ्यांदा लाल केलेला हात नाचवत त्यांनी नातीला विचारलं, "काव, अमरावतीले असं अजून काय काय करून पाहाले भेटते?"