गुरुवारचं प्रस्थान

लसीचा स्लॉट मिळाला तेव्हा मी इतक्या जोरात किंचाळले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. कढईत फोडणी जळून राहिली होती. जळू दे मेली!

"मामंजी, मिळाला! पातूरचा मिळाला! गुरुवारी!"

मामंजी म्हणजे माझे सासरे, चिंतामणराव. अकोल्यातल्या अर्ध्या लग्नांचे मुहूर्त त्यांनी काढलेले. बंगईवर झोके घेत जप करत होते. त्यांनी माळ थांबवली आणि डोळे उघडले.

मला मात्र नाचावंसं वाटत होतं, आणि का नाही वाटणार? माझी धाकटी बहीण इशिता अमरावतीला असते. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आत्ता कुठे तिला दिवस गेले होते आणि नववा महिना लागला होता. आई आम्हाला नाही. जे काय ते मीच. आणि तिचं नाव ज्या दवाखान्यात घातलेलं, तिथला नियम असा की सोबत राहणाऱ्या बाईनं लस घेतलेली पाहिजे, नाहीतर फाटकाच्या आत पाय ठेवू देणार नाहीत. इशिता रोज फोनवर तेच म्हणायची, "ताई, तू नसशील तर मी त्या खोलीत एकटी जाणार नाही. सांगून ठेवते." जसं काही बाळ तिला विचारूनच येणार होतं!

माझं वय पंचेचाळिशीच्या आत, त्यामुळे मोबाईलवर नंबर लागल्याशिवाय सुई नाही. अकोल्याचे स्लॉट उघडायचे आणि पापणी लवते न लवते तोच संपायचे. ओटीपी टाकेपर्यंत तर सगळं लालेलाल. मग मी जिल्ह्यातल्या साऱ्या गावांचे पिनकोड पाठ केले. भाजी निवडताना फोन, देवापुढं दिवा लावताना फोन. नवरा नोकरीपायी गोंदियात अडकलेला. तिकडून म्हणायचा, "अगं, माझा फोन तरी उचलत जा." कशी उचलू? तेवढ्यात स्लॉट गेला म्हणजे?

आणि शेवटी पातूर हिरवं झालं. अंगठा असा मारला की काच फुटली नाही हेच नशीब.

"गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ आहे," मामंजी म्हणाले. "पातूर दक्षिणेला. जाऊ नये."

माझं डोकंच सणकलं. "मामंजी, मी नाही हो हा स्लॉट सोडणार. दिशाशूळ राहो की काहीही राहो."

"सोड कुठे म्हटलं मी? प्रस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे पंचांगाला दिलेला चकवाच म्हणा ना. वाईट दिवशी ज्या दिशेला जायचं, त्या बाजूच्या कुणाच्या घरी आदल्या दिवशी चांगली वेळ पाहून आपली एखादी वस्तू नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास आदल्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. दुसऱ्या दिवशी निघताना ती उचलायची आणि पुढं जायचं. आमच्या गल्लीच्या दक्षिण टोकाला गोदाकाकूंचं घर. तिथं ठेवायचं ठरलं.

मी एक जुनी साडी आणि सुपारी काढली, तर मामंजींना ते पटेना. "अशी वाया गेलेली वस्तू चालत नाही. उद्या तिथं कशावाचून अडेल?"

"आधार कार्डावाचून."

"मग तेच ठेव."

बुधवारी संध्याकाळी कार्ड आणि सुपारी लाल फडक्यात बांधली. गोदाकाकूंनी ती पुरचुंडी देवळीत ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "सुईले जाऊन राहिली का सासरी जाऊन राहिली तू? कायची घाबरतं? आमी खुरपं लागलं तरी हूं नाही करत."

"घाबरते कुठे काकू, मला तर कधी एकदा टोचतात असं झालंय!"

खरंच तसं झालं होतं. सैल बाह्यांचा कुडता इस्त्री करून ठेवला. तापाच्या गोळ्या आणल्या. सकाळी मामंजींनी हातावर दही-साखर ठेवली. स्कूटीला किक मारली आणि बाहेर येऊन पाहते तर गल्लीत बांबू आडवे! मधल्या घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं म्हणून रस्ता बंद. मी गाडी वळवली, मागच्या बोळीतून थेट पातूरच्या रस्त्याला लागले. ऊन भल्लं चढलेलं, गरम वारा तोंडावर येत होता, तरी मी मास्कच्या आत गाणं म्हणत होते. पोलिसांनी हटकलं तर त्यांना मेसेज असा दाखवला जसा पोरीच्या पहिल्या नंबराचा निकाल.

केंद्राच्या शाळेत रांग होती. एक पातूरकर म्हातारा मला ऐकू जाईल असं पुटपुटला, "आले शहरवाले आमच्या सुया पळवाले." मी त्याच्याकडे पाहूनही हसले. माझा नंबर आला.

"मेसेजमधला कोड सांगा. बरोबर. आधार दाखवा," टेबलामागचा माणूस म्हणाला.

मी पर्समध्ये हात घातला, सगळे कप्पे उलटेपालटे केले. आधार कार्ड गोदाकाकूंच्या देवळीत होतं!

"फोटो गिटो हाय का मोबाईलमदी?" तो विचारत होता. फोटोही नव्हता. "मूळ कार्ड पाह्यजे बाई. एक वाजेलोक थांबतो, मंग मले तुमची सुई दुसऱ्याले द्या लागीन."

मी बाहेर लिंबाखाली येऊन घरी फोन लावला. आवाज रडवेला झाला होता आणि रागही भयंकर आला होता. "मामंजी, तुमच्या प्रस्थानापायी माझं कार्ड तिथंच राहिलं! आता इशिताला मी काय सांगू?"

ते एवढंच म्हणाले, "आलो." आणि फोन बंद.

आलो म्हणजे? गेल्या पाडव्यापासून या माणसानं उंबरठा ओलांडला नव्हता. दुधाची पिशवीसुद्धा साबणानं धुऊन घरात घेणारे हे. आणि आज गुरुवार, दिशा दक्षिण, त्यांचं स्वतःचं प्रस्थान कुठंच ठेवलेलं नाही. मी फाटकाशी उभी राहिले. रांग सरकत सरकत संपत आली. आतला माणूस घड्याळ पाहून माझ्याकडे पाहायचा, मी रस्त्याकडे.

धुरळा उडवत एक मोपेड आली. पुढं पदर खोचलेल्या गोदाकाकू, मागं डोक्याला ओला पंचा गुंडाळलेले मामंजी आणि त्यांच्या छातीशी घट्ट धरलेली लाल पुरचुंडी.

"घे बाप्पा, तुहं प्रस्थान!" गोदाकाकू ओरडल्या. "या महाराजानं रस्ताभर माहं डोकं खाल्लं. खड्डा आला का 'हळू चालवा', खड्डा सरला का 'लवकर चालवा'!"

मी धावतच आत गेले. सुई टोचली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दुखलं का हो?" नर्सताईनं विचारलं.

"नाही हो, आनंद झाला!"

बाहेर येताच इशिताला फोन लावला. ती नुसती हसत आणि रडत राहिली. मामंजी लिंबाखाली पाणी पीत होते. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "अर्धा तास बसून राहा म्हणतात ना? मग बस गुपचूप."

त्यानंतर तिसऱ्या सोमवारी दुपारी अमरावतीहून फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. मी भरलेली पिशवी उचलली, सर्टिफिकेट पर्समध्ये तीनदा चाचपलं आणि दारात येऊन थबकले. सोमवारी पूर्वेला दिशाशूळ. अमरावती पूर्वेला. इतक्या वर्षांत एवढं तर मलाही पाठ झालं होतं. मी मामंजींकडे पाहिलं.

त्यांनी बंगई पायानं थांबवली. "माझ्याकडे काय पाहून राहिली? महिना झाला, तुझा जीव त्या पोरीजवळ जाऊन बसला आहे. याहून मोठं प्रस्थान कोणतं असते? जा, उचल तो."

दवाखान्याच्या फाटकावर सर्टिफिकेट दाखवलं आणि मला आत सोडलं. इशिता पलंगाची कड धरून उभी होती, घामानं डबडबलेली, तरी भांडायला तयार.

"आत्ता आलीस होय गं ताई?"

"आत्ता कुठे?" मी तिचा हात धरला. "महिन्यापासून इथंच तर आहे."