खेड तालुक्याचे गुण

ज्योतीरामांनी सुतळीच्या टोकाला दगड बांधला आणि तो विहिरीत सोडला. कौशल्याबाईंनी मागून त्यांचा सदरा घट्ट धरून ठेवला. दगड तळाला टेकल्यावर त्यांनी सुतळी वर ओढली आणि भिजलेल्या भागावरच्या गाठी मोजल्या.

"नऊ फूट! भर वैशाखात नऊ फूट पाणी."

"बरं. आता मागे व्हा."

ज्योतीरामांनी खिशातली वही काढून पाण्यापुढे वीसपैकी अठरा गुण मांडले. पावसाळ्यात कुठलीही विहीर श्रीमंतच दिसते, म्हणून ते जागा बघायला उन्हाळ्यातच निघत.

चाकणच्या एका कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी न झालेल्या अपघातांची काळजी वाहिली होती. निवृत्ती जवळ आल्यावर एवढी जमलेली काळजी ठेवायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांनी तालुके तपासायला घेतले. उद्या काही संकट आलंच, तर कोणत्या तालुक्यात माणूस कुणाच्या तोंडाकडे न बघता वर्षभर राहू शकेल? मुळशी दरडींवर नापास झाली. मावळात हायवे आडवा आला, कारण पळायची वेळ आली की सगळं शहर त्याच रस्त्याने धावणार. जुन्नरचे गुण बिबट्याने खाल्ले. उरला खेडचा हा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग.

शेजारीपाजारी हसायचे. कौशल्याबाई हसत नसत. लॉकडाऊनमध्ये रस्त्यांवर बांबू आडवे पडले तेव्हा त्यांचा मुलगा समर्थ, सून स्वरूपा आणि नात पिंकी पिंपळे सौदागरात अडकली आणि हे दोघं मोशीत. मधली वाट अर्ध्या तासाची, पण बहात्तर दिवस ती ओलांडता आली नाही. पिंकीचा पहिला दात पडला तो आजीआजोबांनी फोनवर पाहिला. पुढे बांबू निघाले, रस्ते वाहू लागले, तरी समर्थ यायचा तो दिवाळीला आणि एखाद्या वाढदिवसाला. ऑफिस, पिंकीचे क्लास, ट्रॅफिक. घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

कंपनीत भोंगा वाजला की सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं आणि डोकी मोजायची, असा नियम होता. ज्योतीरामांना आपल्या घरासाठी तशी एक जागा हवी होती. वहीत 'माणसं किती' या रकान्यात त्यांनी पाच लिहिलं होतं. घरात दोघंच असताना पाच कशी, असं कौशल्याबाईंनी कधी विचारलं नाही.

"च्या घ्या की वाईच," जमिनीची मालकीण शालनबाई दारातून म्हणाली. सत्तरीची एकटी बाई. वरचा दोन एकरांचा तुकडा ती विकत होती, स्वतः मात्र घर सोडणार नव्हती.

आत गेल्यावर ज्योतीराम बघतच राहिले. भाताची कणगी गळ्यापर्यंत भरलेली, नाचणीचे डबे, तिखटमीठ, पावसाळ्याला पुरून उरेल एवढं सरपण. कोपऱ्यात डझनभर गोधड्यांची चळत होती, तीही ऊन दाखवून घडी घातलेली.

"मावशी, तुमच्यापुढे आमची कंपनी नापास. पण एकट्या माणसाला एवढं कशाला?"

"पोरं आली तर लागंल की."

"कधी येणार आहेत?"

शालनबाईने चुलीत फुंकर घातली.

"लॉकडाऊनला आली व्हती. थोरला सांगवीस्नं, धाकटा भोसरीस्नं. सुना, नातवंडं. अकरा माणसं या घरात, तीन महिनं! निजायला जागा पुरंना. म्या रोज तीस-तीस भाकऱ्या थापल्या, पर हात दुखला न्हाई. मग कंपन्या चालू झाल्या, आन् गेली समदी."

"अधूनमधून येत असतील ना?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"येत्यात की जत्रंला. पर आल्या आल्या गाडी रस्त्याकडं तोंड करून लावत्यात."

तिने दोघांच्या हातात कप दिले आणि जरा जवळ सरकून बसली.

"साहेब, तुमी यातलं जाणता. तसलं पुन्यांदा यायचं का वो?"

देव करो नि तसं न होवो, असं म्हणायला कौशल्याबाईंनी तोंड उघडलं होतं. पण शालनबाईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. माहेरी न्यायला येणाऱ्या भावाच्या वाटेकडे सासुरवाशिणीने बघावं, तशी ती बघत होती.

"येईल," ज्योतीराम म्हणाले. "येईल, मावशी."

आजारी माणसाला धीर द्यावा इतक्या मायेने ते बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. चहा संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

शालनबाई समाधानाने म्हणाली, "येऊ दे. माणसं मरू नयेत, तेवढं फकस्त."

बाहेर गाडीत बसल्यावर ज्योतीरामांनी चावी लावली, पण फिरवली नाही. समोर भातखाचरं कोरडी पडली होती.

"मला वाटायचं, तुम्हाला भीती वाटते म्हणून हे सगळं चाललंय," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटत होतं."

"मी तरी कुठे वेगळी आहे? बातम्यांत काही आलं की आधी मनात येतं, आता येतील सगळे." त्यांनी पदराने डोळे पुसले. "त्याला फोन लावा."

"आत्ता? काय म्हणून?"

"काही म्हणून नाही. जेवायला ये म्हणून."

रेंजची एकच काडी होती. ज्योतीरामांनी नंबर लावला. पहिल्याच रिंगला समर्थने उचलला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे रे. काही झालं नाही."

"मग?" समर्थने विचारलं, आणि फोन न ठेवता तो थांबून राहिला.