चाळीस मिनिटांची कृपा

बिल्ड अडकलं आणि अख्खं ऑफिस सर्व्हरच्या खोलीत दाटलं. हजारो फायली आपोआप जोडून एक प्रोग्रॅम बनवायचं हे दोन तासांचं काम. ओळी पडद्यावर भराभर पळायच्या आणि मध्येच एक ओळ म्हशीसारखी बसकण मारायची. मग बिल्डबाबा यायचे.

"घड्याळं काढा! मोबाईल खिशात! यंत्राला घाई सोसत नाही!"

हुद्द्याने बाबा सीनियर इंजिनियर. पण सर्व्हरवर तळवा टेकवून डोळे मिटले, की मॅनेजरचाही श्वास अडकायचा. ओळ सरकली. टाळ्या!

"ही आल्यापासूनच अडतंय." बाबांचं बोट प्रोग्रॅम तपासायला आलेल्या नव्या टेस्टरबाईवर. "पांढऱ्या पायाची!"

मॅनेजर खाकरला. "बाई, राग मानू नका. उद्याही अडलं, तर परवापासून येऊ नका."

टेस्टरबाई घरात एकटीच कमावणारी. पण रडत बसण्याआधी तिने एक काम केलं: प्रत्येक ओळीआधी वेळ छापून यावी, अशी सोय बिल्डमध्ये केली.

दुसऱ्या दिवशी अडलंच. १०:१२.

बाबा आधी निवांत चहा प्यायले आणि आले १०:५० ला. पडद्यावरचे आकडे पाहून त्यांना ठसका लागला.

"हे काय? पुसा!"

"वेळ आहे, चावत नाही," टेस्टरबाई म्हणाली. "आज फक्त हात खिशात ठेवा."

"यंत्र कोपेल!"

"कोपू दे की! तसंही मला घरीच पाठवताय."

मॅनेजर म्हणाला, "बाबा, ठेवाच हात खिशात."

१०:५१. सगळ्यांच्या माना पडद्याकडे.

१०:५२. ओळ सरकली. बाबांचे हात खिशातच.

तिने भराभर बिल्डच्या सूचना उघडल्या. "मी आल्यापासून अडतंय, हे खरंय. माझं टेबल मांडायला तुम्ही कोपऱ्यातली जुनी मशीन अडगळीत टाकलीत. बिल्ड अजून तिलाच हाका मारतंय. चाळीस मिनिटं वाट बघतं, मग नाद सोडतं. ही चाळीस मिनिटं कुणी लिहिलीत, बघा!"

खाली बाबांचंच नाव.

"अहो, यंत्राला सवड मिळावी म्हणून मीच कृपा केली..." बाबा पुटपुटले.

"कृपा खोडली," म्हणत तिने जुन्या मशीनला हाक मारणारी ओळ पुसली. "उद्या येऊ ना, साहेब?"

"उद्याच काय, रोज या हो!" मॅनेजर ओशाळला.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडू नका, आधी मोजा. आणि एखादीला पांढऱ्या पायाची म्हणण्याआधी, काय कधी अडलं आणि कधी सुटलं, एवढं तरी लिहून बघा.