पायरीतला दर्या

अच्छाडच्या ढाब्यामागे पडलेली कच्छी दगडाची लादी पुतळीच्या नवऱ्याने आणून दाराशी पायरी म्हणून बसवली. बोंबील सुकवताना तिला त्या लादीत शिंपल्या दिसल्या. सवयीने ती कोयत्याने उकरू लागली.

“आई, दगड झालाय त्यांचा,” कॉलेजात जाणारी हिना हसली. “माणूस नव्हता, तेव्हा कच्छात उथळ दर्या होता. मग तो निघून गेला.”

दुपारी पुतळी पायरीवर गाल टेकून पडली. डोळा लागता लागता कानाशी भरती चढली. त्या पाण्यावर एकही होडी नव्हती.

नारळी पौर्णिमेला सगळे किनाऱ्याकडे निघाले. पुतळीने आपला नारळ पायरीवरच ठेवला.

“हे काय गं, आई?”

“गप बस! माणूसच नव्हता, तर या दर्याला नारळ दिला कोणी? रुसूनच गेला असणार.”