शेळ्यांची पंगत

निवेदिताच्या पीएच.डी.चा जीव उस्मानाबादी शेळ्यांत अडकला होता. पिवळ्या बिल्ल्याच्या शेळ्यांना तिनं बनवलेला खुराक, निळ्या बिल्ल्याच्यांना नुसता चारा. कोणत्या अंगानं जास्त भरतात, एवढंच बघायचं. तेवढ्यात लॉकडाऊन लागलं. निवेदिता लातूरला अडकली आणि शेळ्या भूमजवळच्या मथुराबाईंच्या गोठ्यात.

पुढं सरकारनं साथीमुळं मोडलेल्या संशोधनाला तातडीचा निधी जाहीर केला. काम खरंच मोडलंय का, हे बघायला अंबादासराव नावाचे अधिकारी लॉकडाऊन उठल्यावर निवेदितासोबत गोठ्यावर आले. निधी नाही मिळाला तर आपली पदवी बुडाली, हे निवेदितानं मथुराबाईंना बजावून सांगितलं होतं. अशा वेळी माणसानं जरा तोंड पाडून उभं राहावं की नाही? मथुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि शेळ्यांनाही अंघोळ घातली.

"एक शेळी मेली न्हाय, साहेब. पोती संपल्यावर घरचा मका भरडला, पर खुराक चुकू दिला न्हाय."

"मग मोडलं काय?" अंबादासराव म्हणाले आणि निघाले. निवेदिताला रडू कोसळायचंच बाकी होतं.

जाता जाता ते थबकले. "यातल्या खुराकाच्या कोणत्या? सगळ्या सारख्याच दिसतायत."

"दिसणारच की! सगळ्यांनाच घातला. एका पंगतीत एकीला वाढायचं अन् दुसरीनं नुस्तं बघायचं? आमच्यात न्हाय चालत असलं."

"निळ्यांना पण?" निवेदिता किंचाळली.

"त्यांना जरा जास्तच. तू आधी लई उपाशी ठेवलं हुतंस."

निवेदितानं मथुराबाईंना मिठीच मारली. "सगळं वाटोळं झालं, साहेब! काही म्हणजे काही उरलं नाही!"

मथुराबाईंना हे फार लागलं. असं त्यांना सासूही कधी बोलली नव्हती. चहा सगळ्यांना मिळाला, निवेदिताला मात्र बिनसाखरेचा.

निधी मंजूर झाला. निवेदितानं आधी काय केलं असेल, तर सगळ्या शेळ्या मथुराबाईंच्या नजरेआड, भूमशेजारच्या वाशीला हलवल्या. प्रयोग नव्यानं सुरू झाला. तरी निळ्या आपल्या भरतच चालल्या. तिची झोप उडाली.

एका बाजारच्या दिवशी ती भूमहून वाशीच्या एस.टी.त चढली, तर खिडकीशी मथुराबाई. मांडीवर गच्च भरलेली पिशवी.

"मावशी, कुठं निघालात?"

"माहेरी."

"तुमचं माहेर तर तामलवाडीला! ही गाडी तिकडं कुठं जाते?"

मथुराबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. पिशवीतून मक्याचा भरडा सांडत होता. निवेदिता कपाळाला हात लावून शेजारी बसली. साथीनं मोडलेल्या कामाला निधी होता. मथुराबाईंनी मोडलेल्या कामाला सरकारकडं कसलीच तरतूद नव्हती.