आतून लागणारी कडी

ताईच्या धाकट्या भावाच्या वर्षभराच्या आराखड्याची बैठक स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच भरली. बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठीच्या संस्थेच्या बाईंनी त्याला विचारले, "येत्या वर्षात तुला काय हवंय?"

"त्याला झाडांची आवड आहे," ताई लगेच म्हणाली.

"ताई, मी त्याला विचारलं."

चाळिशीला टेकलेला भाऊ सावकाश म्हणाला, "माझ्या खोलीला कडी. आतून."

एकदा फीट येऊन तो आत पडला होता आणि दार फोडावे लागले होते. त्यानंतर कडी ताईनेच काढून टाकली होती. "आणि परत फीट आली म्हणजे?"

"तू दार न वाजवता येतेस. मी कपडे बदलत असलो तरी."

"अरे, तुला न्हाऊमाखू घातलंय मी."

"तेव्हा मी लहान होतो."

बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी मिळते, असे बाईंनी सांगितले. आराखड्यात तीच पहिली लिहिली गेली.

कडी बसली त्या संध्याकाळी पाने वाढून ताईने सवयीने दार ढकलले. ते हलले नाही. तिचा हात चौकटीवर ठेवलेल्या नाण्याकडे गेला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"घरात आपण दोघंच. कोण असणार?"

ताईने हात खाली घेतला आणि दार वाजवले. "मी आहे. येऊ का?"

"थांब जरा."

आवाज नेहमीसारखाच होता. जेवण निवत होते, तरी ताई थांबली.